माळकऱ्याचं मत: सांगली जिल्ह्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीतलं. गाव सांगली जिल्ह्यातलं, टेंभू योजनेचं (कृष्णेतून पंपानं उचललेलं) पाणी आल्यावर ज्वारीकडून ऊस-द्राक्षाकडं वळलेलं. गाव, मतदारसंघ आणि पक्ष यांची नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. माणसं गावात ज्या हाकेनं ओळखली जातात तीच हाक इथं वापरतो.

आबा साठी ओलांडलेले. ऐन तिशीत पंढरपुरात माळ घातली. तेव्हापासून दारू-मटण बंद, एकादशी चुकलेली नाही, आषाढीला दिंडीबरोबर पायी आणि कार्तिकीला मिरजेहून पंढरपूरची रेल्वे. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाच्या पंचमंडळात शेवटचा शब्द त्यांचा. विचारानं जुन्या वळणाचे. गोहत्याबंदी हवी, देवळाच्या आवारात कुणी वेडंवाकडं बोललेलं खपत नाही, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचं नाव काढलं की कपाळाला आठी. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला. त्याआधी कैक वर्षं वारकऱ्यांचा त्याच्या मसुद्याला विरोध होता आणि आबा त्या विरोधात हिरिरीनं होते. कायद्यानं कीर्तन, प्रवचन, वारी यांना हात लावलेला नाही हे त्यांना ठाऊक आहे. संशय मात्र गेलेला नाही.

अशा माणसापुढं तीन नावं आली.

पहिले साहेब. प्रचाराचा नारळ देवळापुढं फोडला, गळ्यात उपरणं, भाषणाची सुरुवात आणि शेवट विठ्ठलाच्या नावानं. राज्य मंत्रिमंडळानं 30 सप्टेंबर 2024 ला देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' ठरवलं होतं, ते साहेबांच्या प्रत्येक फ्लेक्सवर. त्याच वर्षी आषाढीला सरकारनं दीड हजार दिंड्यांना प्रत्येकी 20 हजार रुपये जाहीर केले. आबांची दिंडी त्या यादीत नव्हती, पण साहेबांनी आपल्या खिशातून दिंडीला पाण्याचा टँकर आणि मुक्कामाचा मांडव दिला होता. टेंभूचं आवर्तन लांबलं की साहेबांच्या फोननं ते सुटतं, असं गावात मानतात. आता या पाण्यावर हक्क सांगणारे पुढारी जिल्ह्यात इतके आहेत की कृष्णेला सुद्धा लाज वाटावी. पण वीजबिलाचा 81 टक्के वाटा शासनाचा आणि 19 टक्के शेतकऱ्याचा हे ठरल्यापासून पंप चालू राहू लागले, आणि त्याचं पुण्य ज्याच्या त्याच्या फ्लेक्सवर जमा झालं.

साहेबांचं दुसरं अंग सगळ्या तालुक्याला माहीत. हायवेवरचं परमिट रूम भावाच्या नावावर, गल्ला यांचा. स्वतः घेतात. जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरं बिऱ्हाड आहे.

दुसरे सर. निवृत्त मुख्याध्यापक. सुपारीचंही व्यसन नाही, पोरांची लग्नं साधेपणानं केली, मालमत्ता म्हणाल तर राहतं घर आणि तीन एकर. पण सर बुवाबाजीवर बोलतात, आणि बोलताना जीभ सैल सुटते. सप्ताहाच्या वर्गणीत शाळेची एक खोली झाली असती, असं कधीतरी एका सभेत म्हणाले होते. ते वाक्य गावानं विसरायचं नाकारलं. आबांच्या लेखी त्या एका वाक्यात सरांची सारी पुण्याई खर्ची पडली.

तिसरे अपक्ष, स्वतः माळकरी आणि कीर्तनकार. निवडून येणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं. आबांनी त्यांचा विचार केला आणि सोडला. इथंही त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

पहिलं मोजमाप

आबांनी सुरुवातीला जे मोजलं ते कुठल्याही माळकऱ्यानं मोजलं असतं. माळ घालताना ज्या गोष्टी सोडायच्या असतात त्यांची यादी काढली आणि साहेब त्या यादीत कुठं कुठं बसतात ते पाहिलं. दारू: बसतात. मटण: बसतात. परस्त्री: बसतात. तीन-तीन गोष्टींत माणूस बाद. "असल्याला मत द्यायचं आणि संध्याकाळी हरिपाठाला उभं राह्यचं, ह्ये जमायचं न्हाई," असं ते पोराला म्हणाले.

पोरगा म्हणाला, "आबा, आपल्याला आमदार पायजे, विणेकरी न्हाई. दगडापेक्षा वीट मऊ."

काकूंचं, म्हणजे आबांच्या बायकोचं, मत आणखी तिसरंच. त्यांनाही माळ आहे. त्यांचा राग साहेब दारू पितात यावर नव्हता, साहेब दारू पाजतात यावर होता. "पितोय त्यो आपल्या जिवानं जाईल. पण त्या हाटेलानं आपल्या आळीतली दोन घरं बसली, त्याचं काय, अवो?" दारूच्या दुकानावर बायकांना मतदान मागता येतं आणि 'आडवी बाटली' निवडून दुकान बंद पाडता येतं, हे काकूंना माहीत होतं. पण परमिट रूम शेजारच्या गावच्या हद्दीत, तिथल्या बायकांनी अर्ज करायला हवा, आणि तिथं साहेबांची भावकी.

काकूंचं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. आबांनी दोष मोजले ते साधकाच्या मापानं: या माणसानं स्वतःला किती बिघडवलं? काकूंनी मोजले ते शेजाऱ्याच्या मापानं: यानं दुसऱ्याचं किती बिघडवलं? आमदार निवडताना दुसरं माप जास्त उपयोगी, असं माझं मत आहे. आमदाराच्या हाती आपला मोक्ष नसतो. त्याच्या हाती तहसीलदाराची बदली असते, कालव्याचं दार असतं, पोलीस ठाण्यातला फोन असतो. तो या गोष्टी कशा वापरेल याचा अंदाज त्याच्या ताटावरून येत नाही. दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याची अडचण त्याच्या हातात आली तेव्हा तो कसा वागला, यावरून थोडाफार येतो.

गाईचं घ्या. आबांच्या गोठ्यात एक देशी खिलार गाय आणि दोन एचएफ, म्हणजे विदेशी होल्स्टीन जातीच्या. राज्यमाता ठरली ती खिलार. डेअरीचं बिल येतं ते एचएफच्या दुधाचं. गाईची कत्तल राज्यात 1976 च्या कायद्यानं बंद होती, 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. आबांना तो कायदा मनापासून मान्य. पण एचएफला खोंड झालं की त्याचं करायचं काय? औताला चालत नाही, बाजारात कोणी विचारत नाही, आणि वर्षभर कडबा खातं. मी विचारलं तर आबा म्हणाले, "गोशाळेत धाडतो." गोशाळा खोंडं घेते का, यावर ते काही बोलले नाहीत. गोमातेचा फ्लेक्स लावणाऱ्या एकाही उमेदवारानं त्या निवडणुकीत खोंडाबद्दल तोंड उघडलं नाही, आणि जुन्या वळणाच्या मतदारांपैकी कोणी त्यांना विचारलंही नाही.

पेपरातला चौकोन

अर्ज मागं घ्यायची मुदत 4 नोव्हेंबरला संपली. त्यानंतर आठवडाभरात एका पेपरच्या आतल्या पानावर, जमीन-खरेदीच्या नोटिसांच्या खाली, साहेबांच्या नावानं एक चौकोन आला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालापासून फौजदारी खटला असलेल्या उमेदवाराला तो पेपरात आणि टीव्हीवर जाहीर करावा लागतो, आणि प्रचार संपेपर्यंत तीनदा. कायदा कुठं छापायचं ते सांगतो. अक्षर किमान 12 पॉइंटचं हवं, अशी निवडणूक आयोगाची सूचनाही आहे.

आबांच्या पुतण्यानं तो चौकोन मोबाईलवर मोठा करून दाखवला. मग निवडणूक आयोगाच्या साईटवरून साहेबांचं फॉर्म 26 मधलं शपथपत्रही उतरवून घेतलं. हे शपथपत्र कुणालाही पाहता येतं: मालमत्ता, कर्ज, शिक्षण, खटले, सगळं. खटल्यांच्या रकान्यात एका पतसंस्थेचं प्रकरण होतं. कलमं फसवणुकीची आणि विश्वासघाताची, जोडीला ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. साहेब त्या संस्थेचे एकेकाळचे संचालक. आरोप अजून निश्चित झालेले नव्हते.

पतसंस्था बुडाली हे गावाला माहीत होतं. साहेबांचं नाव त्यात आहे हेही कानावर होतं. पण ऐकीव आणि छापील यांत फरक पडतो. त्यात आबांच्या दिंडीचे विणेकरी त्या संस्थेचे ठेवीदार. रानाचा एक तुकडा विकून आलेले पैसे त्यांनी तिथं ठेवले होते, नातीच्या लग्नासाठी. पावती अजून देव्हाऱ्याच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, हरिपाठाच्या पुस्तकाखाली असते. मी ती पाहिली आहे. घडीवर कागद फाटलाय, रक्कम तेवढी स्पष्ट.

आबा रोज संध्याकाळी ज्या माणसाच्या शेजारी उभे राहतात त्याची ठेव, आणि साहेबांवर खटला तिचाच. पहिल्या यादीत ही गोष्ट नव्हतीच.

कायद्याच्या बाजूनं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खटला प्रलंबित असला म्हणून कोणी अपात्र होत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 8: काही ठरावीक गुन्हे सोडले तर दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तरच अपात्रता, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं. साहेब कायद्यानं निर्दोष होते. राजकारणात खोटे गुन्हेही दाखल होतात, हे सांगलीत कुणाला शिकवायला नको. म्हणून शपथपत्रातला रकाना हा निकाल नाही. तो फक्त प्रश्न विचारायला जागा देतो.

आबांनी तो विचारला, हे या प्रकरणातलं मला सगळ्यात आवडलेलं. कोपरा सभेनंतर साहेब गाडीत बसत होते तेव्हा आबा पुढं झाले. साहेबांनी वाकून नमस्कार केला. आबा म्हणाले, "साहेब, आमच्या विणेकऱ्याच्या ठेवीचं काय?" साहेब म्हणाले, "आबा, एवढी निवडणूक होऊ द्या, मग बसून मार्ग काढू." गाडी गेली. आबांना उत्तर मिळालं असं वाटलं की नाही, हे त्यांनी मला नीट सांगितलेलं नाही.

महाराजांचा फोन, नोटा आणि पंढरपूर

याच सुमारास एका नावाजलेल्या कीर्तनकारांचा फोन आला. धर्माचं काम करणाऱ्याला निवडा, एवढंच बोलणं. नाव घेतलं नाही, गरजही नव्हती. धर्माच्या नावावर मत मागणं हा 1951 च्या कायद्यात कलम 123(3) खाली भ्रष्ट मार्ग आहे, आणि 2 जानेवारी 2017 ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध तीन असा निकाल देऊन त्यात मतदाराचा धर्मही धरला. पण ते कलम लागू होतं उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा त्यांच्या संमतीनं बोलणाऱ्याला. महाराज कुणाच्या संमतीनं बोलले हे कोण सिद्ध करणार? आबांना कायद्याचं घेणं नव्हतं. त्यांना खटकलं ते वेगळं. ते पोराला म्हणाले, "म्हाराजांनी माझ्या पायाला हात लावला असता तर मी मागं सरलो असतो. आता त्यांनी माझ्या मताला हात लावला."

नोटाचाही, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाचाही, विचार झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या 27 सप्टेंबर 2013 च्या निकालानंतर ते बटण आलं. सांगली जिल्ह्याला त्याची नवलाई नाही: 2019 च्या विधानसभेला पलूस-कडेगावात नोटा दुसऱ्या क्रमांकावर होतं, 20 हजारांहून जास्त मतं घेऊन. तरी निकाल जसा लागायचा तसाच लागला, कारण विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत ज्याची जास्त तो निवडून येतो. पुतण्याचा जोर नोटावर होता. आबांचं म्हणणं असं की नोटानं आपला हात स्वच्छ राहतो, गावाचं काही होत नाही. मला वाटतं, इथं आबांनी नोटाला जरा स्वस्तात काढलं. 20 हजार माणसं रांगेत उभी राहून 'कोणी नको' म्हणतात, हेही पुढाऱ्याला ऐकू जातंच.

कार्तिकी एकादशी 12 नोव्हेंबरला होती, मतदानाच्या आठ दिवस आधी. आबा पंढरपूरला गेले. आचारसंहिता असल्यानं त्या वर्षी शासकीय महापूजा कुणा मंत्र्याच्या हातून न होता विभागीय आयुक्तांच्या हातून झाली, आणि हे आबांना फार आवडलं. परत आल्यावर त्यांनी दोनतीनदा ते सांगितलं. पुढाऱ्यांचं काय ते वाळवंटाच्या अलीकडं, असं त्यांच्या डोक्यात तिथंच कुठंतरी ठरलं असावं.

पाकीट आणि भंडारा

प्रचार 18 नोव्हेंबरच्या संध्याकाळी सहाला थांबला. मग गावोगावी जो दुसरा प्रचार सुरू होतो तो सुरू झाला. रात्री साहेबांचे दोन कार्यकर्ते आले. एकाच्या हातात पाकीट, दुसऱ्याच्या हातात ताटली, ताटलीत भंडारा. पाकीट पोराला द्यायचं आणि भंडाऱ्यावर हात ठेवून शब्द घ्यायचा, ही पद्धत. आबा माळकरी, म्हणून त्यांच्यासाठी खास सवलत: "आबा, भंडारा ऱ्हाऊ द्या. तेवढं माळंवर हात ठिवा की."

आबांनी त्यांना उठवलं. शिव्या दिल्या नाहीत. चहा झाला होता, तो पिऊ दिला आणि उठवलं. माळेवर हात ठेवून आजवर फक्त एकदा शब्द दिला, आणि तो पांडुरंगाला, असं काहीसं म्हणाले. काकूंनी ताटली कार्यकर्त्याच्या हातात परत दिली.

पाकीट देणं ही लाच, हे सगळ्यांना कळतं. पण शब्द मोडलास तर देव बघून घेईल अशी भीती घालणं हाही त्याच कायद्याच्या कलम 123(2) खाली भ्रष्ट मार्ग आहे, दैवी कोपाचा उल्लेख तिथं स्पष्ट आहे. हे किती गावांत कुणाला माहीत असेल? ज्यांची श्रद्धा खरी त्यांनाच ही शपथ बांधते. ज्याचा देवावर विश्वास नाही तो भंडारा कपाळाला लावतो, पाकीट घेतो आणि हवं ते बटण दाबतो. म्हणजे धार्मिक मतदाराची श्रद्धा हीच त्याच्याविरुद्ध वापरायची सोय. साहेब धर्माचे, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी त्या ताटलीकडं नीट पाहायला हवं होतं.

आबांनी काय केलं

आबांनी मत साहेबांनाच दिलं. हे त्यांनी मला आपणहून सांगितलं आणि लिहायला परवानगी दिली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पाणी हवं, आणि सर ते आणतील याची खात्री नाही. सर माणूस चांगला, पण आपल्या देवाधर्माकडं ते ज्या नजरेनं बघतात त्या नजरेखाली पाच वर्षं काढायची नाहीत. साहेबांचं पाप साहेबांपाशी. मत म्हणजे साहेबांचा स्वभाव आपल्याला मान्य, असं नव्हे. पण मताच्या पुढं साहेबांना काहीही द्यायचं नाही: ना प्रचाराला आबांचा फोटो, ना माळेची शपथ, ना देवळाच्या पायरीवर सत्कार, ना सप्ताहात व्यासपीठ.

मत देणं आणि माणसाची हमी घेणं यांत आबांनी जी रेघ ओढली ती मला पटते. मत गुप्त असतं, एका दिवसाचं असतं, पुढच्या वेळी फिरवता येतं. पंचमंडळाच्या प्रमुखानं साहेबांच्या गळ्यात हार घातला की तो हार पाच वर्षं फोटोत राहतो, आणि गावातलं पोरगं तो बघून शिकतं की माळकऱ्याला हे सगळं चालतं. धार्मिक मतदारांचं नुकसान वाईट उमेदवाराला मत दिल्यानं होतं त्यापेक्षा त्याला चांगलं ठरवत बसल्यानं जास्त होतं. मत दिलंय, आता समर्थन करायला हवं, या ओढीतून परमिट रूमही मग 'धंदा आहे, चालायचंच' होऊन जातं.

मत मात्र मला पटत नाही. पतसंस्थेचा खटला न्यायालयात चालेल, आमदार झाले म्हणून तो थोडाच थांबणार, असं आबा म्हणतात. एमपीआयडी कायद्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे द्यायचं काम सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे महसूल खात्यातल्याच एका अधिकाऱ्याकडं असतं. आमदाराला खटला थांबवायची गरजच पडत नाही. फाईल पुढं न सरकणं पुरतं. विणेकऱ्याच्या पावतीचं भवितव्य ज्या टेबलावर, त्या टेबलाला फोन करू शकणारा माणूस आबांनी निवडला. मी हे बोललो. आबा म्हणाले, "सर निवडून आले असते तर त्यांचा फोन त्या टेबलानं उचलला असता व्हय?" यावर माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं, आणि आजही पुरतं नाही.

काकूंनी कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. आबांनी विचारलंही नाही.

निकाल 23 नोव्हेंबरला लागला, साहेब आले. आबांनी मत कुणाला दिलं हे विणेकऱ्यांना कळलं, आबांकडूनच. काही दिवस ते हरिपाठाला यायचे, पण आबांच्या शेजारी न उभे राहता पलीकडच्या ओळीत. पुढं सप्ताह आला. साहेबांच्या माणसांनी काल्याच्या महाप्रसादाचा सगळा खर्च देऊ केला, बदल्यात दोन शब्द बोलायला वेळ मागितला. पंचमंडळात भांडण झालं. तिघं म्हणाले, पैसा देवाचा, घ्यावा. शेवटी ठरलं की देणगी घ्यायची, इतरांना देतो तसलीच पावती फाडायची, आणि माईक द्यायचा नाही. साहेब आले, सतरंजीवर बसले, कीर्तन अर्ध्यावर असताना उठून गेले.

ठेव अजून मिळालेली नाही. ठेवीदारांची यादी करून कार्यालयात द्यायचं काम आता आबा आणि विणेकरी मिळून करतात. त्यासाठी दोघांना गुरुवारी एकाच मोटारसायकलवर तालुक्याला जावं लागतं. साहेबांना झेडपीला पुतण्या उभा करायचाय आणि नारळ फोडायला आबा हवेत, असा निरोप आलाय. ठेवीदारांच्या बैठकीला साहेबांनी आधी यावं, तारीख त्यांनीच सांगावी, असा उलटा निरोप आबांनी धाडला आहे.